आधी सिस्टर की आधी हॉस्पिटल? मासवण-बोईसर पट्ट्यात आरोग्यसेवेला माणसं पुरवण्याचा व्यवसाय

पालघर, मनोर, मासवण, बोईसर या भागातून अलीकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. "आम्हाला नर्सेस ब्युरो काढायचा आहे. हॉस्पिटलवाले म्हणतात, आधी माणसं दाखवा. माणसं म्हणतात, आधी काम दाखवा. सुरुवात कुठून करायची?" विचारणाऱ्यांत निवृत्त आरोग्यसेविका आहेत, घरी बसलेल्या जीएनएम आहेत, बचतगट चालवणाऱ्या ताई आहेत आणि बोईसरला कामगार पुरवण्याचा अनुभव असलेले तरुणही आहेत. त्यांच्यासाठी हा लेख.

थोडक्यात उत्तर असं : दोन्ही एकदम, पण अगदी लहान प्रमाणात. आठ-दहा पारखलेली माणसं आणि तीन-चार ठिकाणची 'बदली'ची, म्हणजे रजेवरच्या माणसाच्या जागी माणूस देण्याची गरज, एवढ्यावर हा व्यवसाय उभा राहतो. मोठं कंत्राट मिळवून मग माणसं शोधायला निघालात, तर पहिल्याच महिन्यात नाव खराब होतं.

आधी तुमचं वर्तुळ आखा

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. वसईच्या नागरी वस्तीपासून मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात "आम्ही सगळीकडे माणसं देतो" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि स्वतःही तसं म्हणू नका.

मासवण सूर्या नदीच्या काठी, पालघर-मनोर पट्ट्यात आहे. इथून एका बाजूला पालघर स्टेशन आणि त्यापलीकडे बोईसर, दुसऱ्या बाजूला मनोरजवळचा महामार्ग. कागदावर ही सगळी ठिकाणं जवळ दिसतात. पण हॉस्पिटलची ड्युटी आठ ते आठ असते. रात्री आठला सुटलेली मावशी बोईसरहून मासवणच्या पाड्यावर कशी पोचणार? शेवटची एसटी किती वाजता, शेअर रिक्षा कुठपर्यंत, पावसाळ्यात कोणता रस्ता पाण्याखाली जातो, हे आधी वहीत लिहून काढा. तुमचं ड्युटीचं वेळापत्रक त्या वहीवरून बनेल. माणूस वेळेवर पोचतो आणि सुखरूप घरी जातो एवढ्या अंतरातच पहिलं वर्ष काम करा.

माणसं कुठे मिळतात

फक्त नोकरीच्या जाहिरातीवर विसंबलात तर ज्यांना कुठेच टिकता आलं नाही अशी माणसं जास्त येतील. चांगली माणसं ओळखीतून येतात, आणि या भागात ती पुढील ठिकाणी आहेत :

- डहाणू लोकलमधल्या सिस्टर. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली आणि सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव इथल्या मुलींना मुंबईच्या हॉस्पिटलांत नोकरी करणं सोपं झालं. त्यांचे रोजचे कित्येक तास प्रवासात जातात. लग्न झालं, मूल झालं की हा प्रवास झेपत नाही. पगार थोडा कमी चालेल पण घराजवळ काम हवं, असं म्हणणाऱ्या यांच्यात पुष्कळ सापडतील. प्रशिक्षित परिचारिका मिळवण्याचा माझ्या मते हा सगळ्यात चांगला मार्ग आहे, आणि ब्युरोवाले नेमका तोच विसरतात.
- घरी बसलेल्या एएनएम, जीएनएम. पूर्ण बारा तास नको, पण चार-सहा तास किंवा महिन्यात आठ-दहा ड्युट्या चालतील, असं त्या सांगतात. बदलीच्या कामाला हीच माणसं हवीत.
- निवृत्त कर्मचारी. प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं किंवा तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या वसाहतीतलं हॉस्पिटल इथून निवृत्त झालेल्यांना ड्युटीवर पाठवू नका. त्यांना तुमचे पर्यवेक्षक करा. नवीन मुलीची पारख त्या अर्ध्या तासात करतात.
- पाड्यांवरच्या बारावी झालेल्या मुली-मुलं. डहाणू आणि जव्हार इथली एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं, 'उमेद'चे बचतगट आणि जिल्हा कौशल्य विकास केंद्राचे रोजगार मेळावे यांतून ही मुलं भेटतात. रुग्णसेवा सहायकाचं प्रशिक्षण घेतलेली असतील तर उत्तम. आशाताईंना विचारा, कुठल्या घरातल्या मुलीनं आजीचं दुखणं मनापासून काढलं हे त्यांना ठाऊक असतं. पण आशाताईंनाच त्यांच्या कामातून ओढून घेऊ नका.

भाषेकडे लक्ष द्या. वारली बोलणारी मुलगी आदिवासी पेशंटजवळ असली तर तो निम्मा निर्धास्त होतो. एमआयडीसीतला कामगार हिंदी बोलतो, डहाणूकडची जुनी घरं गुजराती. अर्जावर भाषेचा रकाना ठेवा.

आणखी एक स्थानिक गोष्ट. आवणीच्या दिवसांत, होळीला आणि गणपतीत गावाकडची माणसं सुट्टी घेणारच. ते गृहीत धरून त्या आठवड्यांसाठी पालघर-बोईसर शहरात राहणारी राखीव माणसं ठेवा. "सुट्टी मिळणार नाही" असं बजावलंत तर ती सुट्टी न सांगता घेतली जाईल.

नोंदणी तपासल्याशिवाय कुणालाही 'नर्स' म्हणू नका

या व्यवसायात सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि अपघात झाला तर सगळ्यात आधी तुम्हीच अडकता.

एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार. यातलं काहीही झालेलं असलं तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू नोंदणी हवी. ती पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. जुनं प्रमाणपत्र दाखवणाऱ्या अनेकजणींचं नूतनीकरण राहिलेलं असतं. तेवढ्यासाठी त्यांना परत पाठवू नका, नूतनीकरणाला मदत करा. मात्र ते होईपर्यंत नर्स म्हणून ड्युटी देऊ नका. परीक्षा झाली पण नोंदणी यायची आहे, अशा मुलींनाही हाच नियम. लॅब टेक्निशियनसारख्या पदांसाठी त्यांच्या परिषदेची नोंदणी बघा.

आया, मावशी, वॉर्डबॉय, केअरटेकर यांचं काम वेगळं आहे : अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, डायपर, बेडपॅन, व्हीलचेअर. इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर बदलणं हे त्यांचं काम नाही. घरचे नातेवाईक आणि कधी कधी छोटं नर्सिंग होमसुद्धा "मावशी, एवढं इंजेक्शन देऊन टाका" असं सहज म्हणतात. त्याला नाही म्हणण्याचं बळ तुम्ही लेखी दिलं पाहिजे. प्रत्येक माणसाच्या ओळखपत्रामागे "हे करेन" आणि "हे करणार नाही" अशी यादी मराठीत आणि हिंदीत छापा.

पहिल्या ड्युटीआधी प्रत्येकाचं एवढं पूर्ण हवं :

- मूळ प्रमाणपत्रं पाहून फक्त झेरॉक्स ठेवणं, आधार, पोलिसांचा चारित्र्य दाखला, आधीच्या दोन ठिकाणी फोन.
- हिपॅटायटिस-बीची लस. तीन डोस असतात : पहिला, एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. खर्च तुमचा.
- सुई टोचली तर काय करायचं : जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, ताबडतोब कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, दोन तासांत मिळालं तर उत्तम, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. त्यामुळे रात्री दोनलाही उचलला जाईल असा तुमचा फोन असावा.
- जैववैद्यकीय कचऱ्याचे पिवळा, लाल, पांढरा, निळा हे डबे ओळखता येणं.

गिऱ्हाईकं : चार प्रकार, चार गरजा

नर्सिंग होम आणि छोटी हॉस्पिटलं. पालघर, बोईसर, मनोर इथे पाचपासून तीस-चाळीस खाटांपर्यंतची खासगी रुग्णालयं आहेत. डॉक्टरांकडे "तुमचा सगळा स्टाफ आम्ही देतो" असा प्रस्ताव घेऊन जाऊ नका. आपली माणसं परक्या हातात द्यायला कुणीच तयार नसतं. त्याऐवजी विचारा, "या महिन्यात कोण रजेवर आहे? कुणाची डिलिव्हरी जवळ आली आहे? रात्रीची कुठली ड्युटी रिकामी जाते?" बदलीची एक रात्र नीट भरून दिलीत की पुढचा फोन तिकडून येतो. डॉक्टरपेक्षा तिथल्या इनचार्ज सिस्टरशी आधी बोला. ड्युट्यांचा तक्ता तीच लावते.

कारखाने. बोईसरचं खरं वेगळेपण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तारापूर एमआयडीसीत रसायन, औषध, पोलाद आणि कापड उद्योगांचे हजारावर कारखाने आहेत. आगी आणि वायुगळतीच्या बातम्या इथे नवीन नाहीत. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्याला कामगारसंख्येनुसार आरोग्य केंद्र, अर्धवेळ किंवा पूर्णवेळ वैद्यकीय अधिकारी आणि पाळीभर हजर राहणारा ड्रेसर-कंपाउंडर किंवा नर्स ठेवावी लागते. पाचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथे रुग्णवाहिका कक्षाची तरतूद आहे. मोठे कारखाने हे करतात. मधल्या आकाराच्या कारखान्यांची अडचण तिसऱ्या पाळीची असते, कारण रात्री प्रशिक्षित माणूस टिकत नाही. तुमच्या कामाला इथेच वाव आहे.

त्यासाठी तुमच्या माणसाला भाजणं, डोळ्यात रसायन जाणं, वायूने गुदमरणं यांवरचे प्रथमोपचार आणि प्रत्येक रसायनाचा सुरक्षा तक्ता वाचणं यायला हवं. डॉक्टर पुरवायचे असतील तर औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा एएफआयएच अभ्यासक्रम केलेले शोधा. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो चालतो. कारखान्यांशी ओळख होण्यासाठी 'टिमा', म्हणजे तारापूरच्या उद्योजकांची संघटना, हे योग्य दार आहे. तिथे सुरक्षा अधिकारी आणि एचआर अधिकारी भेटतात.

बांधकामाच्या छावण्या. बुलेट ट्रेनचं बोईसर स्थानक, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेलं वाढवण बंदर. बंदराविषयी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध तीव्र आहे आणि तो समजून घेऊनच तिकडे काम करा. पण जिथे शेकडो मजूर राहतात तिथे प्रथमोपचार केंद्र लागतंच. ही कामं मुदतीची असतात. प्रकल्प संपला की एका दिवसात वीसजणांचं काम जातं, म्हणून एकूण उत्पन्नाचा मोठा हिस्सा इथून येऊ देऊ नका.

घरं. मुलं पुण्यात किंवा परदेशात, आईवडील पालघर, केळवे-माहीम किंवा बोईसरला. पक्षाघातानंतर, मांडीचं हाड मोडल्यावर केअरटेकर लागतो. ही गिऱ्हाईकं फॅमिली डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि औषध दुकानदार यांच्याकडून येतात. त्यांना कमिशन देऊ नका. डॉक्टरांना ते घेता येत नाही, आणि ते शेवटी पेशंटच्याच माथी पडतं. घरच्या कामात आठवड्यातून एकदा पर्यवेक्षिकेने प्रत्यक्ष जाऊन बघणं सोडू नका. पेशंटची पाठ आणि मुलीचा चेहरा, दोन्ही बघायला सांगा.

सरकारी निविदा पहिल्या वर्षी टाळा. उलाढालीची आणि अनुभवाची अट असते आणि बिलं लांबतात.

दर कसा काढायचा

"बाजारभावापेक्षा हजार रुपये कमी" हा दर नव्हे. खालचा हिशेब केवळ पद्धत कळावी म्हणून आहे. तुमच्या भागाचं आणि पदाचं किमान वेतन आधी बघा. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो.

- केअरटेकरचं वेतन : १५,००० रुपये
- पीएफ, मालकाचा वाटा आणि प्रशासन खर्च, सुमारे १३ टक्के : १,९५०
- ईएसआय, मालकाचा ३.२५ टक्के : ४८८
- बोनस ८.३३ टक्के : १,२५०
- रजेच्या बदलीसाठी सुमारे ५ टक्के : ७५०
- ग्रॅच्युइटीची तरतूद : ७२२
- गणवेश, लस, प्रशिक्षण : ३४०
- एकूण खर्च : २०,५००
- तुमचा सेवाआकार १० टक्के : २,०५०
- बिलाची रक्कम : २२,५५०, त्यावर १८ टक्के जीएसटी लागल्यास २६,६०९

ईएसआय साधारणपणे दहा कर्मचाऱ्यांपासून आणि पीएफ वीसपासून बंधनकारक होतो. पण बहुतेक कारखाने तुमचा कोड आधीच मागतात. ईएसआय नसेल तोवर कामगार नुकसानभरपाईची विमा पॉलिसी घ्याच.

आता जीएसटीतली मेख. सेवा व्यवसायाला वार्षिक वीस लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण माणसं पुरवण्याच्या कामात पगारासकट अख्खं बिल उलाढाल धरलं जातं. वरच्या दराने आठ माणसं वर्षभर लागली की तुम्ही मर्यादा ओलांडता. मग हॉस्पिटलला तुमची सेवा एकदम १८ टक्क्यांनी महाग पडते, कारण रुग्णसेवा करमुक्त असल्याने त्यांना या कराचं क्रेडिट मिळत नाही. करपात्र माल बनवणाऱ्या कारखान्याला ते साधारणतः मिळतं. म्हणजे एकच दर कारखान्याला परवडतो आणि नर्सिंग होमला टोचतो. मर्यादा ओलांडण्याच्या सुमारास कारखान्यांचं काम वाढवा आणि हॉस्पिटलशी संपूर्ण स्टाफऐवजी बदलीच्या ड्युट्यांवर बोला. घरच्या रुग्णसेवेवर कर लागतो की सूट मिळते, हे तुम्ही नक्की काय आणि कुणाकडून पुरवता यावर ठरतं. करारापूर्वीच सीएकडून लेखी मत घ्या.

भांडवलाचं सोपं गणित : पगार सात तारखेच्या आत द्यावाच लागतो, बिल मात्र ४५ ते ६० दिवसांनी सुटतं. दहा माणसं असतील तर दोन महिन्यांचे साधारण चार लाख रुपये हाताशी हवेत. तेवढे नसतील तर पाचच माणसांवर थांबा.

नोंदण्या

उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. दुकाने व आस्थापना कायद्याखाली कर्मचारीसंख्येनुसार नोंदणी किंवा नुसती सूचना द्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० किंवा अधिक कंत्राटी कामगारांपासून लागतात, आणि त्या टप्प्यावर परवाना तर लागतोच, शिवाय आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी माणसं ठेवण्यावर अपवाद वगळता बंदी आहे. हॉस्पिटलचं मुख्य काम रुग्णसेवा हेच आहे. कामाचा अचानक वाढलेला ताण हा त्यातला एक अपवाद. म्हणून मोठ्या रुग्णालयाशी करार करताना कामगार कायद्याच्या सल्लागाराला मसुदा दाखवल्याशिवाय सही करू नका. कर्ज-अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनांची चौकशी करा.

तुमच्या माणसांचे हक्क

हे कलम मी विनंती म्हणून नाही, अट म्हणून लिहितो.

- नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेऊ नका. नोंदणी फी नको, अनामत नको, पहिल्या पगारातली कपात नको.
- मूळ प्रमाणपत्रं अडकवू नका. २०११ साली मुंबईत खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी बंधपत्रं आणि अडकवलेली प्रमाणपत्रं यांविरुद्ध संप केला होता. ती पद्धत इकडे आणू नका.
- नेमणूकपत्र आणि पगाराची चिठ्ठी प्रत्येकाला, समजेल त्या भाषेत.
- रात्रपाळी बाईच्या संमतीनेच, आणि जाण्या-येण्याची सोय तुमची.
- दहा किंवा अधिक कर्मचारी झाले की लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. घरात एकटीने ड्युटी करणाऱ्या प्रत्येक मुलीला हे पहिल्या दिवशी सांगा. तिने "मला तिथे सुरक्षित वाटत नाही" म्हटलं तर प्रश्न न विचारता तिला परत बोलवा. एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

गिऱ्हाइकाशी करारात काय हवं

ड्युटीचे तास आणि जेवणाची सुट्टी. कामाची यादी, म्हणजे केअरटेकरला धुणीभांडी सांगायची नाहीत. ड्युटी रद्द करायची तर किती तास आधी. माणूस आला नाही तर तुम्ही किती वेळात बदली देणार. मासवणहून बोईसरला दोन तासांचं आश्वासन पाळता येत असेल तरच दोन लिहा. आणि गिऱ्हाइकाने तुमचं माणूस थेट नोकरीवर घेतलं तर एक ठरलेली रक्कम गिऱ्हाइकाने तुम्हाला द्यायची. मुलीला मात्र अडवायचं नाही. कायमची नोकरी मिळाली तर तिचं भलंच झालं, आणि ती तिच्या दोन मैत्रिणी तुमच्याकडे पाठवेल.

पैसे अडकले तर

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. शिवाय मुदतीत पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात वजा करता येत नाही. त्यांच्या लेखापालाला या एका गोष्टीची नम्रपणे आठवण करून दिली की बरीच बिलं मार्चआधी सुटतात. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि हजेरीपटावर इनचार्ज सिस्टरची किंवा सुरक्षा अधिकाऱ्याची रोजची सही घ्या, कारण वाद नेहमी "ती त्या दिवशी आलीच नव्हती" इथून सुरू होतो. बिलातून टीडीएस कापला जाईल. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय असेल तर साधारण १ टक्का, कंपनी किंवा भागीदारीला २ टक्के. ती रक्कम विवरणपत्र भरताना जमेस धरा.

तरीही पैसे आले नाहीत तर ऑनलाइन तक्रार करून सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे जाता येतं. मात्र त्याआधी, दुसरं बिल थकताच, पेशंटची गैरसोय होणार नाही एवढी लेखी मुदत देऊन त्या ठिकाणच्या ड्युट्या थांबवा. तिसऱ्या बिलाची वाट बघू नका, कारण तोवर तुमच्याकडे पगार द्यायला पैसे उरलेले नसतात.